राजाराणीची बशी

ताडगोळे आले की मला दमल्यासारखं होतं. मनोरच्या रस्त्याला, बोईसरच्या नाक्यावर, पालघर स्टेशनच्या बाहेर टोपल्या लागतात. पानांवर ठेवलेले ते पाणीदार गोळे बघून लोक गाड्या थांबवतात, डझनाच्या भावावरून हुज्जत घालतात, आणि मी मनात म्हणते, झालं, आता कपाट उपसायला हवं. वैशाख संपायच्या आत, हवेला ओल सुटायच्या आत सगळी चिनी मातीची भांडी बाहेर काढायची, कोमट पाण्यातून काढायची, जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यानं पुसायची आणि एकाही कपाचा कान दुखावणार नाही अशा बेतानं परत लावायची. हा नेम माझा नव्हे, माझ्या सासऱ्यांचा. ते जाऊन किती वर्षं झाली, पण नेम काही जागचा हलला नाही. माणसं जातात आणि त्यांची कामं घरात राहतात.

आता माझे गुडघे बोलतात. खालच्या फळीसाठी वाकले की वर यायला कपाटाचा आधार लागतो. सून म्हणते, "आई, यंदा राहू द्या ना." बिचारी प्रेमानंच म्हणते, पण त्या प्रेमात तिला या कपाटाच्या जागी काय ठेवायचं आहे तेही मला दिसतं. मागे पुण्याहून नात आली होती. कपाटापुढे उभी राहून म्हणाली, "आजी, यात आपण चहा का नाही पीत?" इतका सरळ प्रश्न या घरात आजवर कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "राजांचे कप आहेत गं, राजेच पितील." ती हसली, आणि तिचं समाधान झालं. माझं काही झालं नाही.

कपाटात आहे तरी काय? एक दाढीवाला राजा आहे, मगवर, बशीवर, ताटलीवर, जिथं पाहावं तिथं. त्याच्या शेजारी मानेपर्यंत मोत्यांनी बांधलेली त्याची राणी. एक राजा असा की गादीवर बसण्याचा सोहळा व्हायच्या आधीच गादी सोडून चालता झाला, पण त्याचे कप आधीच भाजून तयार होते, ते कोण परत घेणार? एक कप कुठल्याशा नगरपालिकेनं नळाचं पाणी आणलं त्या आनंदाचा, त्यावर नळाचं चित्र आहे आणि नळातून पडणारं पाणी नेमकं कपाच्या बुडाशी संपतं. एक कपबशी आपलं राज्य झालं तेव्हा कुठल्या व्यापारी मंडळींनी हौसेनं काढलेली. सगळे सोहळे झाले, मांडव उतरले, पुढारी आणि राजे गेले. कप मात्र एखादा टवकाही न उडता मागे राहिले, आणि ते पुसायला मी.

साठच्या दशकात आम्ही साताऱ्याकडून पालघरला आलो. तारापूरला वीजघर उभं राहत होतं आणि ह्यांना तिथं विजेच्या कामावर नोकरी लागली होती. स्टेशनपासून जवळच दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. माझं लग्न नवं, संसार नवा, सामान थोडकं. त्या थोडक्या सामानात तीन मोठी लाकडी खोकी होती, भाताच्या पेंढ्यानं गच्च भरलेली. मामंजींनी ती ट्रकमध्ये स्वतःच्या पायांशी ठेवली आणि सगळ्या प्रवासात त्यांवरचा हात काढला नाही. सासूबाई काही वर्षांपूर्वीच गेल्या होत्या, मी त्यांना पाहिलंही नव्हतं. नगरपालिकेत कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस, बायको नाही, गाव सुटलेलं, मुलगा दिवसभर कामावर. त्यांना त्या खोक्यांचाच काय तो आधार होता.

ह्यांना वडिलांचं हे वेड म्हणजे मोठा विनोद वाटे. "आम्ही तिकडे अणूतून वीज काढतोय आणि बाबा इकडे मेलेल्या राजांचे कप मांडतायत," असं ते मित्रांना सांगत. मामंजी रागवत नसत. "तुझी वीज आली की बल्ब इथंच लाव, कप नीट दिसतील," एवढंच म्हणत.

वेड लागलं कसं, तेही मला त्यांनीच सांगितलं, भांडी पुसता पुसता. ते नगरपालिकेत नवे चिकटले होते तेव्हा साहेबाच्या राज्यातला कसलासा मोठा सोहळा आला. शाळेतल्या मुलांना पेढे आणि राजाराणीचे कप वाटायचं ठरलं. असली कामं नेहमी नव्या कारकुनाच्या गळ्यात पडतात. दिवसभर उन्हात मैदानावर उभं राहून त्यांनी कप वाटले. मुलांनी पेढे खाल्ले आणि निम्मे कप घरी पोचायच्या आत फोडले. पाहुण्यांसाठी चार चांगल्या ताटल्या आल्या होत्या. त्यातल्या एकीवर चित्र तिरकं उमटलं होतं, राणी राजाकडे चांगलीच कललेली. पाहुण्यांना अशी ताटली कशी द्यायची, म्हणून ती मामंजींना मिळाली.

त्यांचं लग्न त्याच साली झालेलं. घर मोठं, वडीलधारी पुष्कळ, नवराबायकोनं चारचौघांत बोलायचीही चोरी. सासूबाईंनी ती ताटली पाहिली आणि पदर तोंडाला लावून हसल्या. "ही बघा, भर दरबारात नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकायला निघालीय." त्या दुपारी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी दोघांनी त्या ताटलीत सांजा खाल्ला, एका ताटलीत, पहिल्यांदाच. मामंजी हे सांगत तेव्हा मान वर करत नसत. ती ताटली ते मला कधी पुसायला देत नसत, ती त्यांची ते पुसत.

पुढची सगळी जमवाजमव त्या एका ताटलीमागून आली. पालघरला आल्यावर तर त्यांना दुसरं कामच नव्हतं. मनोरच्या बाजारात जुन्या भांड्यांच्या ढिगाशी उकिडवे बसत. पाम गावात एका घरात दाढीवाल्या राजाचा मग तांदूळ मोजायला वापरत होते. मामंजींनी त्याच्या बदल्यात पितळेचं मापटं दिलं आणि मग छातीशी धरून घरी आले. चेहऱ्यावर असं तेज की मीही हसले. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरं, पण हौसेला घरात जागा लागते, आणि ती जागा झाडणारं कोणीतरी लागतं.

मला अजून त्यांचे हात दिसतात. भांडं घेतलं की आधी नखानं टिचकी. खणखणीत वाजलं तर मान हलायची, बद्द वाजलं तर कुठंतरी चीर आहे. मग भांडं उजेडाकडे धरायचं, पलीकडून बोटांची सावली दिसते का बघायला. आणि मग एका झटक्यात ते उपडं करायचं. बुडाशी कारखान्याचा छाप असतो, त्यावरून भांडं कुठलं ते कळतं. टिचकी, उजेड, उपडं. इतक्या वर्षांची सवय, पापणी लवते तशी.

हिरीबाय आमच्याकडे सुके बोंबील घेऊन यायची, समुद्रकाठच्या एडवणची कोळीण. डोक्यावर टोपली, नाकात मोठी नथनी, आवाज असा की गल्लीच्या टोकाला आली की आमच्या मांजराला कळे. आम्ही देशावरची माणसं, आम्हाला मासळीतलं काय कळतंय? बोंबील भाजायचे कसे, सोडे निवडायचे कसे हे मला तिनं शिकवलं, आणि शिकवताना भरपूर हसून घेतलं. एका वर्षी वैशाखात ती आली तेव्हा मी कपाट उपसून बसले होते. तिची नजर जमिनीवर मांडलेल्या भांड्यांवर गेली आणि ती टोपली उतरवायचीच विसरली.

"अगो बाय! ही तं आमच्या बशीतली राणी हाय!"

मामंजी आतून जवळजवळ धावतच आले. "कुठली बशी?"

मग हिरीबाय उंबऱ्याशी बसून सांगायला लागली. तिच्या आजेसासूनं मुंबईत कुणा साहेबाच्या खानसाम्याला सुकी मासळी देऊन एक मोठी बशी आणली होती, तीवर हाच राजा आणि हीच राणी. तेव्हापासून त्यांच्या कोळीवाड्यातलं कुठलंही लग्न त्या बशीशिवाय लागत नाही. हळद उतरली की नवरानवरी त्याच बशीत पहिला घास खातात. "दोघं शेजारी बसलेत बगा कशी, राजाराणी. कवापासून बसलेत, उठत नाय. तशीच आमची पोरं बसावी." असं म्हणून तिनं हात जोडले. ज्या जोड्यानं त्या बशीत घास खाल्ला त्याचा पुरुष दर्यावरून परत येतोच, असं तिथं मानतात. तिच्या जानकीचं लग्न ठरलं होतं. मुलगा हिच्याच नवऱ्याच्या नावेवर कामाला, काशिनाथ नावाचा. पावसाच्या आधीची शेवटची खेप मारून नाव किनाऱ्याला लागली की लग्न.

"तवा या मास्तर, बशी बगायला. सूनबायला पण आणा," ती म्हणाली. मामंजी कधी मास्तर नव्हते, पण चष्मा लावून पेपर वाचणारा प्रत्येक जण तिच्या लेखी मास्तर.

लग्नापर्यंत थांबेल तो जमवणारा कसला! दोनतीन दिवसांतच मामंजी म्हणाले, "सूनबाई, एडवणला जाऊन येऊ. नुसती पाहून येऊ." ह्यांनी मला डोळ्यांनीच खुणावलं की त्यांना एकटं सोडू नकोस. मला ऊन सोसत नव्हतं, एस.टी.त मळमळायचं, पण सुनेला कोण विचारतं. निघालो.

एडवणचा तो वैशाख मला अजून नाकात भरल्यासारखा आठवतो. बोंबील वाळवायच्या काठ्यांच्या रांगा रिकाम्या झाल्या होत्या, पण वास लाकडात मुरलेला. वाळूवरून येणारा वारा गरम, ओठांवर मीठ. कुठं आंबट कैऱ्यांची फोडणी, कुठं नव्या दोरखंडांचा उग्र दर्प. काही नावा वर ओढून घेतलेल्या, पावसाळ्यासाठी त्यांच्या शाकारणीची तयारी चाललेली. आता तिकडे रिसॉर्ट झालीत म्हणे, लोक शनिवार-रविवार काढायला जातात. तेव्हा तिथं कोणी दिवस काढायला जात नसे. दिवसच माणसांना काढत.

हिरीबायचं घर शेणानं सारवलेलं, स्वच्छ. एक गोष्ट मला चमत्कारिक वाटली. घासलेली भांडी कुठंच पालथी घातलेली नव्हती. ताटं, तपेली, वाट्या, सगळी भिंतीला टेकवून तिरकी उभी केली होती, पाणी निथळायला. मी मनात म्हटलं, असेल यांची पद्धत. देवघरातून तिनं लाल फडक्यात बांधलेली बशी आणली. जानकी दाराशी उभी होती, सतरा-अठराची, सावळी, हसरी, हातात आताच कोणी हिरवा चुडा भरावा अशी.

बशी खरंच देखणी होती. सोनेरी कड विटलेली, पण राजाराणी जसेच्या तसे. फक्त राणीच्या कपाळावर कुंकू होतं. प्रत्येक लग्नात लावून लावून ते रंगात मुरलं होतं, धुवूनही जाणार नाही असं. मला एकदम वाटलं, इतके दिवस मी हिला पुसतेय, पण हिच्या कपाळाकडे कधी पाहिलंच नाही.

मामंजींनी बशी दोन्ही हातांत घेतली. टिचकी मारली, खणखणीत. दाराकडे उजेडाला धरली. आणि माझ्या डोळ्यांदेखत ती उपडी केली.

जानकीचं हसू तिथंच राहिलं, पण त्यातला जीव गेला. हिरीबाय पुढे झाली, त्यांच्या हातातून बशी अलगद घेतली, सरळ केली, छातीशी धरली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मास्तर," ती म्हणाली, "नाव दर्यात हाय."

बाकीचं आम्हाला शेजारच्या म्हातारीनं सांगितलं, बाहेर सुरूच्या सावलीत. नाव दर्यात असली की त्या घरात कुठलंही भांडं उपडं घालत नाहीत. भांडं पालथं झालं की नावही पालथी होते. साधी वाटीही नाही. मग ही तर लग्नाची बशी, आणि नावेवर मुलीचा बाप आणि तिचा होणारा नवरा दोघंही. म्हातारी हे सगळं शांतपणे सांगत होती, पाहुण्याला गावची वाट समजावून द्यावी तशी. मामंजींच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

रात्रीच्या जेवणाला बसल्यावर हे म्हणाले, "बाबा, बशी उलटी केल्यानं नावा बुडत असत्या तर समुद्रात एक नाव राहिली नसती."

"ते मला ठाऊक आहे," मामंजी म्हणाले. "त्यांना ठाऊक नाही. आणि नाव त्यांची आहे." ताटातलं तसंच ठेवून ते उठले.

नाव यायच्या दिवशी आली नाही. वारा फिरला होता. एडवणच्या दुसऱ्या दोन नावा आल्या, त्यांनी हिरीबायच्या नवऱ्याची नाव पाहिली नव्हती. हे कळलं तसे मामंजी सकाळी उठून एडवणला जायला लागले. तिथं जाऊन करायचं काय, हे त्यांनाही माहीत नव्हतं. सुरूखाली बसायचे, पाण्याकडे बघायचे. मी त्यांच्याबरोबर. पायात वाळू, डोक्यावर पदर, घरची कामं पडलेली. त्या दिवसांत मी इतकी दमले की बसायला मिळालं तरी दमायची. वाट बघण्याचं काम हातांना नसतं, तरी तेच सगळ्यात जास्त दमवतं, हे मला तिथं कळलं आणि त्यानंतर आयुष्यभर उपयोगी पडलं.

गाव आमच्यावर चिडलं नाही. त्याचाच मामंजींना जास्त त्रास झाला. कोणी वाकडं बोललं नाही. हिरीबाय आमच्याशी बोलत नव्हती, पण चहा आणून पुढे ठेवायची. मामंजी चहा प्यायचे आणि मग रिकामा कप हातात धरून बसायचे. खाली ठेवायचा तर वाळूत कलंडेल, कलंडला तर? शेवटी मी तो घ्यायची आणि आत नेऊन भिंतीला टेकवून ठेवायची, तिरका, त्यांच्या पद्धतीनं.

एकदा जानकी आमच्याजवळ येऊन बसली. जाळ्याचं कसलंसं काम हातात होतं. बराच वेळ तिची बोटं चालत राहिली. मग तिनं वर न बघता विचारलं, "मास्तर, बशीच्या पाठी काय लिवलंय?"

"कारखान्याचं नाव," मामंजी म्हणाले.

"आनी?"

"आणि काही नाही."

"येवढंच?"

"एवढंच, पोरी."

तिनं वर पाहिलं. "मंग कशाला बगितली?"

मामंजींना नगरपालिकेतल्या मोठमोठ्या साहेबांनी खडे प्रश्न विचारले असतील, त्यांनी उत्तरं दिली असतील. या वेळी त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. मला त्यांची दया आली, जानकीची आली, आणि खरं सांगायचं तर स्वतःचीही आली.

नाव आली ती भर दुपारी. सुकाणू मोडलं होतं, नावेवरचे सगळे वाऱ्याबरोबर उत्तरेला उंबरगावच्या बाजूला लागले होते. तिथं डागडुजी करून किनाऱ्याकिनाऱ्यानं हळूहळू आले. पहिली हाक कुणा पोरानं दिली आणि सगळा वाडा वाळूवर धावला. हिरीबाय गुडघाभर पाण्यात उभी राहून नवऱ्याला शिव्या घालत होती, रडत होती आणि हसत होती, तिन्ही एकदम. काशिनाथ उतरला, उन्हानं करपलेला, ओठ फुटलेले, आणि लाजून जानकीकडे न बघता बापाच्या वयाच्या माणसांशी दोराबद्दल बोलायला लागला. जानकी पुढे गेली नाही. घराच्या दाराला धरून उभी राहिली. मामंजी मात्र जागचे उठले नाहीत. मी खांदा पुढे केला. "आली गं, आली," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

मला वाटलं, संपलं एकदाचं. पण संध्याकाळच्या एस.टी.आधी हिरीबाय लाल फडकं घेऊन आली आणि ते मामंजींच्या पुढ्यात ठेवलं.

"न्या मास्तर. तुमाला पायजे व्हती ना."

"अहो पण नाव आली की! सगळे सुखरूप आलेत."

"आली, दर्याची दया. पण ही उपडी झाली. हिच्यात माझ्या पोरीला घास नाय देनार मी." तिच्या आवाजात राग नव्हता. आटलेल्या विहिरीबद्दल बोलावं तसं बोलली. "बशीबिगर करू लगीन. काय करनार."

मामंजींनी फडक्याला हात लावला नाही. ज्या बशीसाठी त्यांचा जीव टांगणीला लागला होता ती आपण होऊन चालत आली होती, आणि ती घ्यायला त्यांचे हात उचलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर ते कपाटापुढे बसलेले. तिरक्या चित्राची ताटली मांडीवर होती. ती त्यांनी पुसली, पुष्कळ वेळ पुसली, आणि सासूबाईंच्या एका जुन्या खणात गुंडाळली. घरात दुसरं काही असं नव्हतं जे दिल्यानं काही दिल्यासारखं झालं असतं.

आम्ही ती घेऊन पुन्हा एडवणला गेलो. हिरीबायनं ताटली हातात घेतली. राजाकडे कललेल्या राणीकडे बघून तिला किंचित हसू आलं, मग ती गंभीर झाली. "हिच्यात कोन जेवलं?"

"मी आणि माझी बायको," मामंजी म्हणाले. "नवं लग्न झालेलं तेव्हा."

"हाय ती?"

"नाही. गेली."

एवढं बोलून मामंजींची मान खाली गेली. त्यांनी ताटलीसाठी हात पुढे केला, परत घ्यायला. शुभकार्यात विधुराची वस्तू कोण ठेवून घेईल, हे त्यांच्या मनात आलं असणार, माझ्याही आलं. पण हिरीबायनं ताटली सोडली नाही.

"तुमच्या आदी गेली," ती म्हणाली. "म्हंजे सवाशीण गेली. कुंकवानं गेली."

तिनं आत हाक मारली. "जानके, ये. पाया पड हिच्या."

जानकी आली, ताटली पाटावर ठेवली होती, तिच्यापुढे वाकून तिनं डोकं टेकलं. मग मला हळदीकुंकवाची वाटी दिली, कारण मी सवाष्ण, त्या ताटलीच्या घरची सून. तिरक्या राणीच्या कपाळाला पहिलं कुंकू मी लावलं. हिरीबाय डोळे पुसत म्हणाली, "हीच पायजे व्हती आमाला. माझ्या पोरीला पन असंच मरन येवदे." आणि आईनं लेकीच्या लग्नाआधी असं म्हटलं तरी कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. दर्यावर जाणाऱ्यांच्या बायकांचं सगळं मागणं एवढ्या एका वाक्यात होतं.

लग्नाला आम्ही राहिलो नाही. मामंजींना थकवा आला होता. एक भांडं घेऊन दुसरं दिल्याशिवाय पाठवायचं नाही, म्हणून हिरीबायनं लाल फडकं माझ्या पिशवीत घातलंच. एस.टी.त मामंजी खिडकीशी बसले. रस्त्याला ताडाची झाडं, त्यांच्या बुंध्यांवर चढणारी माणसं, टोपल्या, धूळ. मग बाहेर बघतच म्हणाले, "सूनबाई, ती पोरगी पाया पडली. काय मागितलं तिनं, कळलं का तुला?"

"काय?"

"मला आधी जाऊ दे, हे." आणि पुढे म्हणाले, "तुझ्या सासूनंही हेच मागितलं असणार. जन्मभर मागितलं असणार. तिला मिळालं. चांगलंच झालं." त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं, घाम होता की काय होतं कोण जाणे. "पण मागे जो राहायचा, त्याला कोणी विचारलेलं नसतं गं."

मला काही बोलता आलं नाही. माझं वय काय होतं तेव्हा! हात बांगड्यांनी भरलेले, नवरा घरी वाट बघत असलेला. पुढच्याच महिन्यात वटपौर्णिमा आली. पालघरच्या वडाला मी बायकांच्या गर्दीत सूत गुंडाळलं आणि मीही तेच मागितलं, डोळे मिटून, मनापासून. दरवर्षी मागत गेले. बोईसरला घर घेतलं, मुलं झाली, मामंजी गेले, वड बदलले, मागणं तेच.

मला ते मिळालं नाही. हे माझ्या आधी गेले. आजार फार नव्हता, त्रास नव्हता, सगळे म्हणाले सोन्यासारखं मरण. शेजारच्या बायका माझ्याकडे बघून हळहळल्या, मग आपापल्या घरी गेल्या. तेव्हापासून सासूबाईंपेक्षा मला मामंजी जास्त जवळचे वाटतात. सासूबाईंचं भाग्य मोठं, त्यांच्या ताटलीपुढे नवऱ्या मुली वाकल्या. मामंजींच्या पुढे कोणी वाकलं नाही. ते सकाळी उठत, चष्मा पुसत आणि उन्हातून कुठल्यातरी बाजाराला जात. लोक त्याला वेड म्हणत आणि मीही म्हणत होते. तो माणूस फक्त दिवस भरत होता.

एवढ्यात खूपदा वाटतं, ती एस.टी. पुन्हा एकदा मिळावी. मळमळलं तरी चालेल, ऊन लागलं तरी चालेल. खिडकीशी मामंजी बसलेले असावेत, मी त्यांच्या शेजारी. त्यांचं ते बोलून झालं की मी गप्प बसणार नाही. त्यांच्या हातावर हात ठेवीन आणि म्हणेन, "मामंजी, मीही मागेच राहिले."